मोरीतून निसटलेलं गाव

प्रकाशकांनी माझ्या कादंबरीचं बाड टेबलावर ठेवलं आणि पंख्याने पानं उडू नयेत म्हणून त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त शेवट नाही."

"नाही कसा? चांगलं जाडजूड प्रकरण आहे."

"प्रकरण आहे हो. पण ते घडत नाही. तुमचं गाव मोरीतून बाहेर पडूच शकत नाही."

त्यांचं ऑफिस टायरच्या दुकानाच्या माडीवर आहे. खाली सतत कुणीतरी चाक ठोकत असतं, त्यामुळे वाईट बातमीसुद्धा तिथे ओरडूनच सांगावी लागते. 'मोरीतून' हा शब्द त्यांनी इतक्या मोठ्याने उच्चारला की कपाटापाशी पुस्तकांचे गठ्ठे बांधणारी बाई वळून माझ्याकडे बघायला लागली.

कादंबरी कशावर आहे ते आधी सांगते. नदीच्या काठावर, टेकडीवर, एक तटबंदीचं गाव होतं. फार फार जुनी गोष्ट. एका राजाने त्याला वेढा घातला. नदीला पूर होता, म्हणून राजा सैन्यासकट पलीकडच्या टेकाडावर पाणी उतरायची वाट बघत बसला. नावा तयार ठेवल्या. एका सकाळी पाणी उतरलं, सैन्य नदी ओलांडून गावात शिरलं, तर आत चिटपाखरू नाही. चुली अजून कोमट. माणसं, शेरडं, गाडे, सगळं गायब. हे सगळं त्या राजाने स्वतःच शिळेवर कोरून ठेवलंय. शेवटी लिहिलंय की माझ्या भयाने देवांनी ते गाव गिळून टाकलं.

ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, "फजिती झाली की पुरुषाला देव आठवतोच."

गाव गेलं कसं, हे कुणालाच ठाऊक नाही. माझ्या कादंबरीत वेशीच्या राखणदाराची विधवा सगळ्यांना रात्री तटाखालच्या सांडपाण्याच्या मोरीतून बाहेर काढते. तोच शेवट. त्याच्यासाठीच बाकीची कादंबरी लिहिली म्हटलं तरी चालेल.

"तिथल्या उत्खननाच्या प्रमुख बाईंना मी बाड वाचायला दिलं होतं," प्रकाशक म्हणाले. "त्या म्हणतात, या गावाची मोरी मांजरापुरती आहे. आपली ही इतिहासाची माला आहे, बाई. जे घडूच शकत नाही ते मी त्यात छापत नाही. शेवट उभा राहत असेल तर बघा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! माझ्या वयाच्या बाईला दंतवैद्यसुद्धा पुढच्या महिन्याची वेळ देताना जरा चाचरतो.

जिन्यावरून उतरता उतरताच माझ्या लक्षात आलं की चूक माझीच होती, आणि ती कशी झाली तेही. या कादंबरीसाठी मी पुष्कळ हिंडले होते. वाळूत गाडलेलं बंदर बघितलं, राण्यांची थडगी बघितली, डोंगरातली दगडी धान्यकोठारं बघितली. फक्त ते गाव बघायचं राहिलं, कारण सुरुवातीच्या उत्खननात ते लोकांना बंद होतं, आता कुठे उघडलं. मोरी मी बघितली होती ती धान्यकोठारांच्या किल्ल्यात. स्वतः तिच्यातून रांगत पलीकडे गेले होते. मग लिहिताना ती उचलली आणि या गावाच्या तटाखाली बसवली. इथवर ठीक. पण प्रकरण इतक्या वेळा लिहिलं, इतक्या वेळा खोडलं, की पुढे मला खरंच वाटायला लागलं की मोरी त्याच गावाची आहे. कुणी विचारलं असतं तर शपथेवर सांगितलं असतं. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय हे माहीत असतं. कादंबरी लिहिणाऱ्याला तेवढंही कळत नाही.

घरी येऊन जाऊबाईंना म्हटलं, "सामान बांधा. गाव बघायला जायचंय."

"म्हणजे मेलेलं गाव," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसांच्या गावाला कधी नेलंस का मला? सासरी आल्यापासून बघतेय, लोकांच्या जावा लग्नाला नेतात, बारशाला नेतात. माझी जाऊ मला थडगी दाखवते."

पण बोलता बोलता त्यांनी छत्री शोधायला घेतली होती.

आम्हा दोघींचे नवरे गेले, मुलं आपापल्या कामाला लागून दूर गेली, आणि आम्ही दोघी एका घरात राहिलो. त्या माझ्याबरोबर सगळीकडे येतात, याला कारण आहे. मी अक्षरं शिकले तेव्हा माझ्या पोरांना मिसरूड फुटलं होतं. त्यामुळे असेल, पण गोष्ट कागदावर उतरायच्या आधी मला ती तोंडाने कुणाला तरी सांगावी लागते, आणि शक्यतो जिथे घडली तिथेच उभं राहून. जाऊबाई सावली बघून बसतात, मी सांगते. त्या पेंगल्या की ते प्रकरण मेलं असं समजायचं. त्या मधेच "आणि मग?" म्हणाल्या की रात्री लिहायला बसायचं.

आणि त्यांचे कान. आमच्या घरात भिंतींना कान असायची गरजच पडली नाही, जाऊबाई होत्या. परसात बसून त्यांना कळायचं की आत कुणी साखरेच्या डब्याचं झाकण उघडलंय, आणि झाकणाच्या आवाजावरून कुणी तेही. नव्या नवरीला कुजबुजणंसुद्धा चोरीचं होतं. आज वयाने गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत आहेत आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

बसने उतरलो ते एका उताराच्या रस्त्यावर. एका बाजूला चाव्या बनवणारा, पलीकडे चष्मे दुरुस्त करणारा, मग शिवणयंत्रांचं दुकान. वर आमची खोली, दोन खाटा आणि एक खिडकी, खिडकीला पडदा नसून जुनी चादर. खिडकीतून नदीचं खोरं दिसत होतं आणि पलीकडे टेकडीवर तुटका तट. इतकी वर्षं ज्या गावात मी माणसं हिंडवली, भांडायला लावली, मारली, ते मला पहिल्यांदा दिसत होतं.

"हेच का ते?" जाऊबाई म्हणाल्या. "लहान आहे गं."

"होय. मी मोठं लिहिलंय."

उत्खननाच्या जागेवर पत्र्याची शेड होती. आत लांबच लांब टेबलं, त्यावर ट्रेमध्ये खापऱ्या वाळत घातलेल्या, प्रत्येक खापरीवर बारीक शाईने आकडा. एक बाई दात घासायच्या ब्रशने मडक्याचा कान घासत बसली होती. तिच्या डोक्यावर एवढी मोठी गवती टोपी की शेडला वेगळा पत्रा लागला नसता. तीच प्रमुख. जाऊबाईंनी तिथल्या तिथे तिचं नाव टोपीवाली ठेवलं.

मी कोण ते सांगितल्यावर ती ताडकन उठली. "मावशी, मी तुमची कादंबरी दोनदा वाचली. एकदा काम म्हणून आणि एकदा आवडली म्हणून. पण मोरी मी मान्य करणार नाही हं."

"न बघता मीही मानणार नाही," मी म्हटलं.

तिने मोरी दाखवली. तटाच्या पायाशी दगडी चौकट, खाली गुळगुळीत झालेला तळ. बाहेरून बरीच मोठी दिसली. माझ्या मनाने लगेच उचल खाल्ली. मी पदर खोचला आणि डोकं आत घातलं. खांदेही गेले. पुढे अंधार आणि ओल्या मातीचा वास. राखणदाराच्या विधवेला हाच वास आला असेल, असं मनात आलं, आणि त्या आनंदात मी आणखी पुढे रेटलं. तिथे मोरी निमुळती झाली आणि मी अडकले.

"जाऊबाई, ओढा!"

"किती गेलीयेस आत?"

"अर्धी."

"कुठली अर्धी? हलकी का जड?"

टोपीवाली एका पायाला आणि जाऊबाई दुसऱ्या पायाला, असं दोघींनी मला बाहेर काढलं. जाऊबाई माझ्या पाठीवरची माती झटकत म्हणाल्या, "गाव बाहेर काढायला निघाली होतीस. तुला एकटीला काढता काढता माझे हात गेले."

मी हसले, पण तिथल्याच दगडावर बसल्यावर हसू उरलं नाही. मोरी गेली होती. मोरीबरोबर शेवट गेला, आणि शेवटाबरोबर सगळी मेहनत. माझी राखणदारीण गाव पाठीशी घेऊन तटाच्या आत उभी होती आणि तिला बाहेर पडायला वाट नव्हती. तिला तशीच ठेवून मरायची मला इच्छा नव्हती. एवढं साधं होतं ते.

"पुन्हा सांग," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी छत्री उघडून सावली केली होती. "मोरी सोडून सांग."

मी सांगायला लागले. राजा पलीकडे. पूर आलेला. गावातलं धान्य संपत आलेलं. पाणी आज ना उद्या उतरणार. राखणदारीण लोकांना वेशीपाशी जमवते, मुलांना खांद्यांवर घ्यायला सांगते... आणि इथे माझी गाडी अडली. यापुढे मोरी होती.

जाऊबाई पेंगल्या नाहीत. त्या वेशीकडे बघत होत्या. "जमवलीच वेशीपाशी, तर वेशीतूनच का नाही गेली?"

"समोर शत्रू होता ना!"

"होता, पण नदीपलीकडे. आणि तिकडून वेस दिसते कुठे? मघा आपण खोलीतून बघितलं तर नुसता बुरूज दिसत होता."

आम्ही उठून वेशीपाशी गेलो. जाऊबाईंचं खरं होतं. वेस नदीकडे तोंड करून उघडत नाही; बुरुजाच्या आडोशाला वळून उघडते. तिथून खाली जाणारा रस्ता खडक खोदून केलाय, दोन्ही बाजूंना माणसाच्या डोक्याच्या वर भिंती. तो तसाच घळीत उतरतो आणि डोंगरांकडे निघून जातो. दारं कधीच कुजून गेली होती, पण दाराचा खुंट ज्या दगडी खोबणीत फिरायचा ती खोबण जागेवर होती. मी तिच्यात बोटं फिरवून बघितली.

टोपीवाली टोपी काढून डोकं खाजवत होती. "हा विचार आम्हीही केला होता, मावशी. दिसलं नसतं हे खरं. पण ऐकू गेलं असतं. दगडी फरशी, गाड्यांची चाकं, लेकरं, शेरडं. नदीपलीकडून इकडचं साधं बोलणं ऐकू येतं. मी रोज ऐकते. माझे मजूर तिकडे बसून मला शिव्या देतात त्यासुद्धा. आणि एकदा ऐकलं की पूर असला तरी राजाने नावा टाकल्या असत्या, माग काढला असता."

"करून बघितलंय कुणी?"

"काय करून?"

"गाव बाहेर काढून."

तिने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग हसली. "नाही. ते कुणीच केलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही केलं. जाऊबाईंना पूल ओलांडून पलीकडच्या टेकाडावर, जिथे राजाच्या छावणीच्या चुलींची राख सापडली होती तिथे, खुर्ची टाकून बसवलं. काही ऐकू आलं की त्यांनी लाल छत्री उघडायची, एवढंच काम. इकडे मी, टोपीवाली, आणि तिचे मजूर मातीच्या दोन ढकलगाड्या घेऊन वेशीतून निघालो. चाकं फरशीवर खडखडली. आम्ही बुरुजाच्या पुढे आलोही नसू, तोच बुरुजाच्या फटीतून पलीकडे छत्री फटकन उघडलेली दिसली. आम्ही थांबलो, छत्री मिटली. एका मजुराने नुसतं खाकरलं, छत्री पुन्हा उघडली.

पूल ओलांडून आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्या टेकून बसल्या होत्या.

"गाड्या दोन. एकीचं चाक तेल मागतंय. एका माणसाला कफ झालाय. आणि तू टोपीवालीला काय म्हणालीस तेही ऐकलं."

"मी कुठे काय म्हणाले?"

"म्हणालीस, माझी जाऊ जन्मभर माझ्या डब्याला कान लावून बसली, आज पहिल्यांदा त्या कानांचा उपयोग होतोय."

टोपीवालीने टोपी तोंडावर ओढून घेतली. मला मात्र हसू येईना. राजाच्या पहाऱ्यात जाऊबाईंच्या निम्म्या कानाचा एक शिपाई असता तरी माझं गाव पकडलं गेलं असतं.

"झालं तर," मी म्हटलं. "वेसही गेली."

जाऊबाई खाली खोऱ्यात बघत होत्या. "बाकी सगळं राहू दे, पण नदी कुठाय? तू तर लिहिलंयस की पाण्याच्या घोंघाटात दिवसा शेजारच्याचं बोलणं कळेना. ही तर नुसती ओघळ आहे. हिच्यात माझी पाटलीसुद्धा वाहून जायची नाही."

टोपीवालीने कपाळावर हात मारला. दुसऱ्याच्या घरात दिवा शोधताना आपल्याच हातात दिवा सापडावा, तसा तिचा चेहरा झाला. "धरण! मावशी, वर धरण बांधल्यापासून या नदीला पूर येतच नाही. मी जन्मात बघितलेला नाही. मी रोज जे ऐकते ते कोरड्या नदीवरून ऐकते. आणि राजा तर पुरात बसला होता!"

"मग आता पूर कुठून आणायचा?"

"आणायचा कशाला? सोडतात ना. खालच्या शेतांना." ती टेकाडावरून जवळजवळ पळतच निघाली. बस थांब्यापाशी पाटी होती, पाणी सोडणार, नदीपात्रात उतरू नये. परवाची तारीख होती.

त्या दोन दिवसांत टोपीवाली आणि मी माणसं जमवायच्या मागे लागलो. दोन ढकलगाड्या म्हणजे गाव नव्हे. तिकीट खिडकीवरची बाई नातवाला घेऊन यायला तयार झाली. नातवाचं दातांचं दुखणं चाललं होतं आणि तो सांगाल तेव्हा रडायला तयार होता. खालच्या वस्तीतला एकजण शेरडं आणतो म्हणाला. आणि पाणी सुटायच्या दिवशी सकाळी देवाने पाठवावी तशी एक बस आली, निवृत्त शिक्षकांची सहल. सगळे म्हातारे, काठ्या, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. जन्मभर वर्गावर ओरडून ओरडून त्यांचा हळू आवाज कायमचा गेलेला. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "मला एका गावाची गरज आहे."

त्यांच्यात एक जुने मुख्याध्यापक होते. त्यांना कारण समजावून सांगायचीही गरज पडली नाही. "दोघादोघांच्या जोड्या!" ते गरजले, आणि सगळे म्हातारे आपोआप जोड्या लावून उभे राहिले. एकीने विचारलं, "बोलायचं की नाही?"

"बोला," मी म्हटलं. "घर सोडून निघालेली माणसं बोलणारच."

या वेळी टोपीवाली पलीकडे गेली, जाऊबाईंच्या शेजारी. तिने स्वतःच तसं ठरवलं. "मी विरुद्ध पक्षात बसते," ती म्हणाली. "म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की मी आधीच तुमची झाले होते."

धरणाचा भोंगा वाजला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग वरच्या वळणावर पाण्याचा पांढरा पट्टा दिसला आणि बघता बघता खोरं भरलं. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. मोठमोठे दगड तळाशी एकमेकांवर आपटत होते. मी तो आवाज कितीतरी वेळा लिहिला होता. खरा याहून थोर होता.

मी वेशीत उभी राहिले आणि हात वर केला.

गाव निघालं. पुढे ढकलगाड्या, खडखड करत. मग शेरडं, आणि त्यांच्यामागे त्यांचा मालक जीभ टाळूला लावून टक्टक् करणारा. मग शिक्षक, जोडीजोडीने, पेन्शनबद्दल आणि जावयांबद्दल भांडत. तिकीटवाल्या बाईच्या नातवाने सूर लावला. कुणाची तरी पाण्याची बाटली पडली आणि घरंगळत उतारावरून सगळ्यांच्या पुढे गेली. दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये हा सगळा कल्लोळ असा कोंडला गेला की माझी खात्री पटली, हा पलीकडे काय, धरणापर्यंत ऐकू जाणार. रस्ता खोल होता. मला छत्री दिसत नव्हती. उघडली की मिटलेली, काही कळायला मार्ग नव्हता. मी सगळ्यांच्या शेवटी चालत होते. राखणदारीणही शेवटीच चालली असेल, हे मला तेव्हा कळलं. मी तिला सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं, आणि ते चूक होतं. जिच्याकडे किल्ली असते ती शेवटी निघते.

घळीच्या तोंडाशी भिंती संपतात आणि खोरं पुन्हा दिसायला लागतं. मी डोळ्यांवर हात धरून पलीकडे बघितलं.

लाल छत्री मिटलेली होती. जाऊबाईंच्या मांडीवर आडवी. जाऊबाई मान ताठ करून वेशीच्या बुरुजाकडे बघत होत्या, अजून कुणी बाहेर पडायचंय अशा नजरेने, आणि टोपीवालीही. अख्खं गाव त्यांच्या नाकासमोरून निघून घळीच्या तोंडाशी आलं होतं, शेरडं तिथलं गवत खायला लागली होती, आणि त्या दोघी रिकाम्या वेशीवर पहारा देत होत्या.

"एक, दोन, तीन!" मुख्याध्यापक म्हणाले, आणि सगळे शिक्षक एका दमात ओरडले. पलीकडे कुणाची मानही हलली नाही.

मला काय झालं ते मला सांगता येणार नाही. मी रस्त्यातच बसले. तिकीटवाल्या बाईला वाटलं मला घेरी आली, तिने पाणी आणलं. मी म्हटलं, "अगं, घेरी नाही. गेले ते. सगळे गेले. एकही सापडला नाही."

मग मी उठले आणि पदर काढून हवेत हलवायला लागले. माझं बघून शिक्षकांनी टोप्या, पिशव्या, काठ्या हलवल्या. बऱ्याच वेळाने टोपीवालीची नजर आमच्याकडे वळली. ती उभी राहिली. डोक्यावरची ती प्रचंड टोपी तिने काढली आणि वर फेकली. वाऱ्याने ती सरळ नदीत नेली. तिने वळूनही बघितलं नाही.

पूल ओलांडून त्या आल्या तेव्हा जाऊबाई रागाने लाल झाल्या होत्या. "लबाडी आहे ही! तुम्ही मागच्या बाजूने आलात."

"विचारा यांना."

मुख्याध्यापक पुढे झाले. "बाई, आम्ही दाराने आलो, आणि सगळे बोलत आलो. मी स्वतः पाढे म्हणत होतो."

"जाऊबाई," मी म्हटलं, "तुम्हाला ऐकू आलं नाही म्हणजे त्या राजाच्या बापालाही ऐकू येणं शक्य नव्हतं. गाव तुमच्यामुळे सुटलं."

हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. "तसं म्हणतेस होय," त्या म्हणाल्या. "मग नीट लिही. म्हणावं, पहाऱ्यावरचे कान काही साधेसुधे नव्हते."

टोपीवाली माझा हात सोडायला तयार नव्हती. केस विस्कटलेले, डोळे चमकत होते. "मी पण नाही ऐकलं, मावशी. एक अक्षर नाही. मी हे तुमच्या प्रकाशकांना आत्ता सांगते. आणि आमच्या अहवालातही घालते." मग तिचं शिक्षण तिला गप्प बसू देईना. "फक्त एक आहे. याने ते जाऊ शकले असते एवढंच सिद्ध होतं. ते तसेच गेले हे नाही."

"ते माझ्यावर सोड," मी म्हटलं. "जाऊ शकले असते एवढं तू दे. गेले कसे ते मी सांगते."

आणि मी तिथेच सांगितलं. घळीच्या तोंडाशी, नदीच्या आवाजापायी ओरडून, शिक्षक माझ्याभोवती दाटीने गोळा झालेले. सांगितलं की पाणी उतरायच्या आदल्या संध्याकाळी राखणदारीण घरोघर फिरली आणि दिव्यातलं तेल मागितलं. कुणी थेंब दिला, कुणी वाटी. एका म्हातारीने दिवाच दिला. ते सगळं तेल तिने दाराच्या खुंटाखाली, दगडी खोबणीत ओतलं. म्हणून त्या रात्री गावात एकही दिवा लागला नाही. म्हणून ते अवजड दार, जे रोज सकाळी कुरकुरत उघडताना साऱ्या खोऱ्याला ऐकू जायचं, लोण्यात सुरी फिरावी तसं उघडलं. माणसं निघाली. पुराचा आवाज ज्या पाण्याने राजाला पलीकडे अडवलं होतं त्याच पाण्याचा होता, आणि त्याच्या आडून ती चालत गेली, मुलं खांद्यांवर, कोंबड्या टोपल्यांत, आपल्याच वेशीतून, मान वर करून.

"आणि ती?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"ती शेवटी," मी म्हटलं. "किल्ली तिच्या कमरेला होती. सवयीने तिने दार ओढायला हात घातला, आणि मग सोडून दिला. आत राहिलंच कोण होतं? दार सताड उघडं टाकून ती गावाच्या मागे चालायला लागली."

आम्ही सगळे तिकीट खिडकीपाशी परत आलो तोवर टोपीवाली तिथल्या फोनवर प्रकाशकांशी बोलत होती, टोपीशिवाय, हातवारे करत. तिने फोन माझ्याकडे दिला. पलीकडून ते म्हणाले, "बाई, नवं प्रकरण कधी पाठवताय? छपाईला आठवड्यात लावतो."

"आज बसते," मी म्हटलं. तिकीटवाल्या बाईने टेबलावरची तिकिटांची चवड बाजूला सारली, नातवाला काखेत घेतलं आणि मला खुर्ची दिली. बाहेर शिक्षकांनी पुन्हा जोड्या लावल्या होत्या. त्यांना आणखी एकदा गाव सोडायचं होतं.